सुगरणीचं ठिगळ

फार फार पूर्वी, पक्षी माणसांसारखे बोलत आणि माणसांसारखीच कामं उद्यावर ढकलत, त्या काळी एका विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती.

सगळी घरटी एका म्हाताऱ्या पक्ष्याच्या शिकवणीने विणलेली. त्याला सारे आबा म्हणत. एका सकाळी आबांच्या लक्षात आलं, की घरट्याची नळी जिथे जोडतात तिथली वीण सैल राहते. सापाने बाहेरून नाकाने रेटलं, की सरळ आत. चूक शिकवणीतच होती, म्हणून प्रत्येक घरट्यात होती.

दुसरा कोणी आपली कीर्ती सांभाळत गप्प बसला असता. आबा शेंड्यावर बसले, चूक माझी, असं मोठ्याने म्हणाले आणि ओल्या पात्याचे वेढे घालून ती फट कशी बुजवायची, तेही त्यांनी दाखवलं.

सर्वांत देखण्या घरट्याचा मालक म्हणाला, "आबा, आजवर साप आलाय का कधी?"

"नाही. पण मी बोललो ते त्यानेही ऐकलंय. तो बघ, विहिरीच्या कठड्यावर आहे. म्हणून आजच बुजवा."

"मग ओरडून कशाला सांगितलंत?"

"कानात सांगत फिरलो असतो, तर निम्म्यांना सांगायचं राहिलं असतं. आणि रोज झाडाखाली घुटमळणाऱ्याला ती फट आज ना उद्या सापडलीच असती."

हे सर्वांना पटलं. पटलं म्हणजे, विषय विचारार्थ ठेवण्यात आला.

सर्वांत खालच्या फांदीवर एक सुगरण अंडी उबवत होती. घर बांधून देऊन तिचे यजमान दुसरीकडे दुसरं घर बांधायला गेले होते. त्यांच्यात तशी रीतच आहे. विणकाम तिने कधी केलं नव्हतं. आणि उठावं, तर अंडी गार पडणार.

ती उठली. "आबा, अंड्यांवर जरा बसता का?"

आबा आयुष्यात पहिल्यांदाच अंड्यांवर बसले. तिने चोच दुखेपर्यंत पाती ओढली.

देखण्या घरट्याचा मालक हसला. "ठिगळच लावलंत की, वहिनी. घराची रया घालवलीत."

"असू दे, भावोजी. मला आत राहायचंय, बाहेरून बघायचं नाही."

दुपारी साप चढला. पहिलं घरटं तिचंच लागलं. त्याने नेमक्या जागी नाक लावलं, रेटलं, पुन्हा रेटलं. आत ती अंड्यांवर पंख पसरून बसून होती. ठिगळ हललं नाही. साप वर सरकला आणि त्याने देखणं घरटं निवडलं. त्या घरची पक्षीण कशीबशी उडाली. अंडी उडू शकत नव्हती.

बाकीची विचाराधीन प्रकरणं त्या संध्याकाळी झपाट्याने निकाली निघाली. देखण्या घरट्याचा मालकही खाली मान घालून ठिगळ शिकायला आला. सुगरणीने टोमणा मारला नाही. पातं कुठून ओढायचं, ते सावकाश दाखवलं.

ध्यानात ठेवायचं ते एवढंच: घराची फट कळली, की त्याच दिवशी बुजवावी; ती आपल्या एकट्यालाच कळलेली नसते.