किल्लीवाल्यांची यादी

एकदा एका बियाण्याच्या व्यापाऱ्याने आपल्या गोदामाच्या दारांना संगणक जोडून घेतला. कोणी कोणतं दार उघडलं, ते यंत्र टिपून ठेवी. पण उघडणाऱ्याला तो अधिकार होता का, हे तपासणारा प्रोग्राम लिहायचा राहिला होता. ते काम एका तरुण शिष्याकडे आलं. ज्या वृद्ध गुरूंकडे तो सी भाषा शिकत होता, त्यांनी बजावलं होतं, "लिहून झालं की मला दाखव." त्याने दाखवलं नाही. प्रोग्राम चालत होता. चालणारी गोष्ट कोण दाखवायला नेतो?

यंत्रात माणसांचे दोन गट होते, किल्लीवाल्यांचा आणि रजेवर असलेल्यांचा. शिष्याने आधी पहिल्या गटाची नोंद मागवली, मग दुसऱ्याची, आणि नंतर तपासणी लावली: माणूस पहिल्यात आहे ना, दुसऱ्यात नाही ना?

पहिल्याच दिवशी यंत्राने एक नाव बाहेर काढलं. भिकाजी सरवदे. दार उघडलं, किल्लीवाल्यांत नाही! भिकाजी बावीस वर्षं त्या गोदामाची किल्ली सांभाळत होते, आणि त्या दिवशी दार उघडणारे ते एकटेच होते. पण त्याच आठवड्यात कांद्याच्या बियाण्याच्या दोन पिशव्या नाहीशा झालेल्या. व्यापाऱ्याने त्यांना सगळ्या हमालांदेखत सुनावलं, "माणूस भीड धरतो, यंत्र धरत नाही. निघा."

हे शिष्याच्या कानावर आलं. तो तडक गुरूंकडे गेला. "गुरुजी, दोन्ही याद्या मी वेगवेगळ्या छापून पाहिल्या होत्या. भिकाजीकाकांचं नाव होतं हो त्यात!"

गुरूंनी उत्तर न देता पाटी पुढे ओढली. "कुठली यादी हवी?"

"किल्लीवाल्यांची."

गुरूंनी नावं लिहून पाटी त्याच्या हाती दिली. "जपून ठेव. आणखी काय हवं?"

"रजेवाल्यांची."

गुरूंनी पाटी हिसकावली, धोतराच्या सोग्याने पुसली, वर दुसरी नावं लिहिली आणि परत त्याच्या हाती ठेवली. "हं, आता किल्लीवाले वाचून दाखव."

"पण ते तर तुम्ही पुसलेत!"

"मग इतका वेळ तू काय जपत होतास?"

शिष्याने पाटी खाली ठेवली. गुरू म्हणाले, "अरे, सिस्टीम गटाची नोंद स्वतःच्या जागेत लिहिते आणि तुला त्या जागेचा फक्त पत्ता देते. पुढचं विचारलंस की तिथेच नवं लिहू शकते. तुझे दोन्ही पॉइंटर, म्हणजे तू जपून ठेवलेले पत्ते, एकाच जागेकडे बोट दाखवत होते. त्या भल्या माणसाला तू रजेवाल्यांत शोधत बसलास! दूध आणायला आपण घरचं भांडं नेतो ना? तशी जागा आपली दे आणि नोंद तिच्यात उतरवून घे. जागा अपुरी पडली तर सिस्टीम तसं सांगते. मोठी दे, पुन्हा विचार. आणि 'असा गट नाही' हे एक उत्तर, 'मला वाचता आलं नाही' हे वेगळं. दोन्हींना नकार समजून कुणाला चोर ठरवू नये."

अर्ध्या तासात प्रोग्राम दुरुस्त झाला. शिष्य व्यापाऱ्याकडे धावला. "शेठ, चूक माझी होती. काकांना परत बोलवा."

"दुरुस्त केलंस? छान! बस, चहा घे," व्यापारी प्रेमाने म्हणाला. "पण नवा माणूस ठेवला रे. आणि पिशव्या तर गेल्याच ना? आता त्यांना बोलावलं तर बाजारात माझ्या शब्दाला काय राहिलं?"

"पण ते निर्दोष आहेत, शेठ."

"असतील की. मी कुठे नाही म्हणतो?"

चहा तसाच टाकून शिष्य भिकाजींच्या घरी गेला. ते दारातच उभे होते. त्याने सगळं सांगितलं.

"म्हणजे आता माझं नाव येतं त्यात?"

"येतं, काका."

"मग तेवढं कागदावर लिहून द्या. खाली तुमची सही करा. पोरीच्या सासरी दुसऱ्याच दिवशी कळलं. काल तिचा दीर फोनवर विचारत होता, किती पिशव्या होत्या म्हणून."

शिष्याने लिहून दिलं. भिकाजींनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "नीट करायला किती वेळ लागला हो?"

"अर्धा तास."

भिकाजींनी मान हलवली आणि ते आत गेले.

यंत्रातली नोंद हवी तितक्या वेळा पुन्हा वाचता येते; चारचौघांत वाचलेली परत घेता येत नाही, हे शिष्याला त्या उंबऱ्याबाहेर कळलं.