घाणेरडा स्पंज

एकदा एक परिचारिका निवृत्त झाल्या आणि महिन्याभरातच घरी बसून पार कंटाळल्या. त्यांचे नाव एस्तेर साळवे. पण गल्लीत सारे त्यांना सिस्टरच म्हणत. बत्तीस वर्षे त्यांनी एका रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उपकरणे निर्जंतुक करण्याचे काम केले होते. सिस्टरांच्या हाताखालून गेलेल्या कात्रीवर एक जंतू शोधून दाखवा, असे आव्हान तिथले सर्जन नवख्या डॉक्टरांना कौतुकाने देत. घरीही तोच खाक्या होता. पाहुणे त्यांच्या ओट्यावर चहाचा कप ठेवायलासुद्धा बिचकत.

एके दिवशी त्या पडद्याचे कापड आणायला बाजारात गेल्या. तिथल्या एका कापड व्यापाऱ्याने गिऱ्हाईक खेचायला काउंटरवर काचेच्या भांड्यात दोन ॲक्सोलॉटल ठेवले होते. हा मूळचा मेक्सिकोतल्या तळ्यांचा, जन्मभर पाण्यातच राहणारा प्राणी. वीतभर लांबी, चार इवलेसे पाय, रुंद तोंडावर कायमचे हसू आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले. त्याला गार पाणी लागते आणि मंद उजेड मानवतो. इथे डोक्यावर भगभगीत दिवा होता, तळाशी रंगीत खडे होते आणि पाणी कोमट व गढूळ झाले होते. मोठ्याचे कल्ले विरळ झाले होते. धाकट्याचे झडून नुसते खुंट उरले होते, तरी तोंड आपले हसरेच. ते हसू पाहून सिस्टर भांड्यावर वाकल्या.

"शेठ, हे दोघे आजारी आहेत हो."

"गिऱ्हाइकांची हौस फिटली, बाई. न्यायचे तर न्या. आठवड्याभरात फेकायचेच आहेत," व्यापारी कापड मोजता मोजता म्हणाला.

सिस्टर कापड विसरल्या आणि दोघांना एका बादलीत घालून, ती सांभाळत घरी आल्या. प्राणी म्हणून आयुष्यात त्यांनी कधी मांजरसुद्धा पाळले नव्हते.

त्याच गल्लीत मयेकर नाना राहत. वय ऐंशी, आणि त्यातली साठ वर्षे मासे पाळण्यात गेलेली. निरोप मिळताच नाना आले, चष्मा कपाळावर चढवून बादलीत बराच वेळ पाहत राहिले.

"मोठा निभावेल," ते म्हणाले. "धाकट्याचं सांगवत नाही. झडलेले कल्ले यांना पुन्हा फुटतात, देवाने तेवढी सोय ठेवलीय. पण त्यासाठी निवांत, मुरलेलं पाणी पाहिजे."

मग नानांनी उपचार सांगितला. तूर्त दोघांना वेगवेगळ्या टबांत ठेवायचे, टबातले पाणी रोज पूर्ण बदलायचे, पाणी गार राहायला फ्रीजरमधली बाटली त्यात सोडायची आणि खायला गांडुळे द्यायची. शेजारी एक मोठी काचेची टाकी मांडायची, तिच्यात स्पंजाचा फिल्टर चालू ठेवायचा आणि रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकायचे.

"पण नाना, टाकीत तर कोणीच नाही!"

"वस्तीला येतील. महिन्याभराने मी पाणी तपासेन. मी सांगेन तेव्हाच या दोघांना आत सोडायचं."

रिकाम्या टाकीला खाऊ घालण्यात काय हशील, हे सिस्टरांना कळले नाही. परंतु मोठ्या डॉक्टरांच्या आदेशावर प्रश्न विचारायची सवय त्यांना नव्हती. त्यांनी दोन्ही टबांवर तक्ते लावले: पेशंट एक, पेशंट दोन, तापमान, आहार, शौच. पेशंट एकची प्रकृती सुधारू लागली. पेशंट दोनने, म्हणजे धाकट्याने, चार गांडुळे खाल्ली आणि पाचव्याला तोंड फिरवले. रोज टबातले पाणी बदलताना तो फार तडफडे. तक्त्यावर आहाराच्या रकान्यात एकापुढे एक शून्ये पडत गेली, आणि ज्या बाईने हजारो शस्त्रक्रिया शांतपणे पाहिल्या, ती बाई एका वीतभर जिवासाठी मोरीत उभी राहून रडली.

महिना झाला. नानांनी टाकीतले पाणी काचेच्या नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळे राहायला हवे होते, ते हिरवेगार झाले.

"विष तसंच आहे. नवल आहे," नाना पुटपुटले.

"स्वच्छतेत माझ्याकडून काडीची कसूर नाही हं, नाना," सिस्टर घाईने म्हणाल्या. "दर रविवारी स्पंज उकळत्या पाण्यातून काढते. एकदाही चुकले नाही."

नाना त्यांच्याकडे पाहतच राहिले. मग उठले आणि चपला घालून चालते झाले. परतले तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज होता. सिस्टर पुढे होण्याआधीच त्यांनी तो त्या लखलखीत टाकीत धरला आणि कचकन पिळला. टाकीभर चहाच्या रंगाचा गाळ पसरला.

"नाना! अहो, हे काय केलंत!" सिस्टरांचा आवाज चढला. "तो बिचारा तिकडे मरणाशी झगडतोय, आणि तुम्ही त्याच्या घरात घाण ओतताय?"

नाना शांतपणे स्टुलावर बसले.

"सिस्टर, तुम्ही जंतू मारून माणसं वाचवलीत. तिथे तेच योग्य होतं. पण इथला रोगी ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याचं मलमूत्र जातं. त्याचं विष होतं. ते विष पचवणारे जंतू या स्पंजात वस्ती करतात. रिकाम्या टाकीत खाद्य टाकायला सांगितलं, ते त्यांच्यासाठी. माझ्या टाकीत ही वस्ती वीस वर्षांची आहे. तुमच्याकडे दर आठवड्याला बिचारे नव्याने येत होते, आणि दर रविवारी..." इथे नानांना हसू आवरेना. "मला सांगा, तुमच्या रुग्णालयातल्या झाडून साऱ्या सिस्टरांना कुणी दर रविवारी उकळत्या पाण्यातून काढलं असतं, तर पेशंटचं काय झालं असतं?"

सिस्टर आधी ओशाळल्या. मग डोळ्यांना पदर लावता लावता त्याही इतक्या हसल्या की शेजारीण खिडकीतून डोकावली.

"तुमच्या मायेत खोट नव्हती," नाना उठताना म्हणाले. "फक्त सगळी सेवा आपल्याच हातांनी व्हावी, असा तिचा हट्ट होता. आपल्याला न दिसणारेही काम करत असतात. त्यांना करू द्या."

तो काळा स्पंज त्यांनी टाकीतच ठेवला. नवव्या दिवशी नळीतले पाणी पिवळे राहिले. दोन्ही पेशंट मोठ्या टाकीत गेले, मध्ये जाळी लावून. टाकीत हात घालायचा नाही, अशी नानांची सक्त ताकीद होती. ती पाळताना सिस्टरांचे हात असे शिवशिवत की त्यांनी घरातली सारी भांडी दोनदा घासली.

पहिले चार दिवस धाकटा कोपऱ्यात पडून राहिला. पाचव्या सकाळी सिस्टरांनी चिमट्यात गांडूळ धरून त्याच्यासमोर हळूच हलवले. तो जागचा हलला नाही. त्या चिमटा मागे घेणार, इतक्यात गट्ट! अर्धे गांडूळ तोंडात आणि अर्धे बाहेर वळवळत. दोन झटक्यांत उरलेलेही गेले. सिस्टरांनी धावत जाऊन फोन लावला.

"नाना, खाल्लं!"

"कुणी, काय खाल्लं?"

"धाकट्याने! अख्खं गांडूळ! आणि नाना, कल्ल्याच्या एका खुंटावर बारीक तांबूस धागे फुटलेत. मी भिंग लावून पाहिलं. सात आहेत!"

"आलोच मी. चहा टाका," नाना म्हणाले.

सिस्टर टाकीपाशी परत आल्या. पाण्याला किंचित पिवळट झाक आली होती, त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या स्पंजावरही तपकिरी साय धरू लागली होती. त्या क्षणभर तिच्याकडे पाहत राहिल्या. मग आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून घेऊन त्या स्पंजाच्या बाजूने काचेजवळ वाकल्या आणि ड्यूटीवरच्या सहकारिणीला म्हणावे तसे हळूच म्हणाल्या, "थँक्यू हं, सिस्टर."