थोरल्याच्या गाडग्यातली माती

नदीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिच्या काठी दोन भाऊ हरभरा पिकवत. थोरला विचारी, धाकटा रागीट.

थोरल्याची एक रीत होती. जोमदार हरभऱ्याच्या मुळांखालची माती तो गाडग्यात जपून ठेवी. पेरणीच्या वेळी बियाण्यावर गुळाचं पाणी शिंपडी, ती माती चोळी आणि बी सावलीत सुकवी. म्हणे, "या मातीत जीव असतो. तो मुळांना बिलगला की मुळांवर गाठी धरतात, आणि रोप जोर धरतं."

एका पावसाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याचा बैल पुरात सापडला. थोरल्याने उडी घेतली. बैल काठाला लागला. थोरला लागला नाही.

धाकट्याने घरी येऊन समोर दिसेल ते फोडलं. गाडगंही फुटलं. माती त्याने चुलीत लोटली.

पेरणीला त्याने कोरडंच बी टाकलं. रोपं उगवली ती पिवळी. उपटून पाहिलं, तर मुळं बोडकी, एकही गाठ नाही. गावाचा नियम कडक होता. ज्याला शेत पिकवता येत नाही, त्याचं शेत होळीला दुसऱ्याच्या हाती जाई.

"शेजारच्या बाबांकडे जा," वहिनी म्हणाली. "हे दरसाल त्यांना टोपलीभर माती देत."

"त्याच्या दारात? त्याच्या बैलापायी दादा गेला!"

"मग जाऊ द्या शेत, भाऊजी. नदीनं माणूस नेलं, उरलेलं तुम्ही घालवा."

धाकटा गेला. रिकामी टोपली घेऊन दारात उभा राहिला. म्हाताऱ्याने काही न विचारता कुदळ उचलली आणि आपल्या हिरव्यागार हरभऱ्याखाली खणू लागला. उभी रोपं आडवी होत होती.

"बैलही गेला रे पोरा. पुरानंतर त्यानं चाऱ्याला तोंड लावलं नाही. बांधावर हाडं पडलीत, ती ने. भाजून कूट, नांगराच्या तासात टाक. तुझा दादा म्हणायचा, जमीनच उपाशी असली तर तो जीव तरी काय करील?"

धाकट्याने हाडं कुटली. प्रत्येक घावाला तो रडत होता की शिव्या देत होता, त्याचं त्यालाच कळेना.

पिवळी रोपं मोडून पुन्हा पेरायचं होतं, आणि जमिनीतली ओल झपाट्याने उडत होती. घाईघाईत त्याने माती चोळलेलं बी उन्हात पसरलं.

"अरे गाढवा, उन्हात नको!" म्हातारा बांधावरून धावत आला. डोक्याचं मुंडासं सोडून त्याने बियाण्यावर धरलं. "मरेल ते!"

"काय मरेल?"

"तुझ्या दादानं जपलेलं."

धाकटा पुढे आला. मग त्याने मुंडाशाचं दुसरं टोक धरलं. बी सुकेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले.

रोपं वाढली तेव्हा धाकट्याने भीतभीत एक उपटलं. मुळं गाठींनी भरली होती. एक गाठ नखाने फोडली, तर आत रक्तासारखी लाल. दादानं जपलेला जीव त्यात होता.

होळीला पंच आले. हरभऱ्याच्या घाट्यांनी लगडलेलं शेत पाहून ते धाकट्याकडेच ठेवून माघारी फिरले.

धाकट्याने नवं गाडगं भरलं. पण त्याआधी एक टोपली म्हाताऱ्याच्या दारात ठेवली, आणि मागेल त्याला माती दिली.

मुलांनो आणि मोठ्यांनो, जे जपायचं असेल ते वाटून ठेवावं. आपल्या घरी सरलं, तरी ते दुसऱ्याच्या शेतात जिवंत राहतं.