अम्पारोच्या वाट्याची मेजवानी

मेक्सिको नावाच्या दूरच्या देशात, समुद्राला अगदी खेटून एक पिटुकलं गाव होतं. तिथली घरं पपईच्या गरासारखी केशरी, नाहीतर कैरीसारखी पोपटी. सकाळी लाटांवर ऊन पडलं, की सगळं गाव चमचम करायचं. फक्त एका घराचा रंग उडालेला होता. ते अम्पारोचं.

अम्पारो नऊ वर्षांची होती. तिची आई गेल्या पावसाळ्यात आजारी पडून गेली. तेव्हापासून पापा मासे धरून आले, की दाराशी बसून जाळं सांधत राहायचे. जेवायला हाक मारली तर यायचे, पण ताटातलं अर्धं तसंच टाकून उठायचे.

जानेवारीच्या सहा तारखेला तिथे सण असतो. सगळी गल्ली एका लांब टेबलाभोवती बसते आणि बांगडीसारखा मोठा गोल, गोड पाव कापते. पावावर लाल, हिरवी, साखरेत मुरवलेली फळं असतात आणि पोटात लपवलेली असते बोटाच्या पेराएवढी एक पांढरी बाहुली. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, त्याने दोन फेब्रुवारीच्या सणाला सगळ्या टेबलाला तमाले खाऊ घालायचे. तमाले म्हणजे मक्याच्या पिठात कोळंबी भरून, केळीच्या पानात बांधून वाफवलेल्या मऊ मऊ पुड्या.

म्हणून पाव खाताना जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

"नाबोर, गालात काय दडवलंय? आ कर बघू!" शेजारच्या दोन्या ओर्तेन्सिया म्हणाल्या. तिकडे मोठ्या बायकांना मानाने दोन्या म्हणतात.

"दाढ सुजलीय माझी," किराणावाले नाबोरकाका म्हणाले.

"गेल्या वर्षीही आजच्याच दिवशी सुजली होती."

तेवढ्यात अम्पारोच्या दाताला काहीतरी टणक लागलं. बाहुली! जिभेखाली लपवली असती, तर कुणाला कळलंही नसतं. पण तिने ती तळहातावर ठेवली आणि हात पुढे केला.

दोन्या ओर्तेन्सियांनी डोळे बारीक केले. "इतक्या सहज दाखवली? घरात काहीतरी घबाड दिसतंय हिच्या."

"बारा माणसं आहोत," नाबोरकाका म्हणाले. "जमणार नसेल तर आत्ताच सांग, पोरी."

"जमेल," अम्पारो म्हणाली. तिची आई नेहमी असंच म्हणायची.

घरी मात्र मक्याचं पीठ होतं वाडगाभर. शिवाय तमाले नेहमी आईच करायची. कसे करतात, ते अम्पारोला दाखवायचं राहूनच गेलं होतं.

दिवस भराभर गेले. सणाच्या आदल्या सकाळी ती किनाऱ्यामागच्या केळीच्या बागेत वाऱ्याने पडलेली पानं वेचायला गेली. दमली, तेव्हा सावलीत बसून तिने फडक्यातली मक्याची पोळी काढली.

"मलाही भूक लागलीय," कुणीतरी इवल्याशा आवाजात म्हणालं.

एक कोवळं, गुंडाळलेलं पान हळूच उलगडलं. आत एक चिमुकली परी होती. पंख आंब्याच्या सालीसारखे पिवळे-तांबूस, आणि केसांत दवाचे चमकते मणी.

अम्पारोने आधी अर्धी पोळी मोडून दिली. मग दोन पावलं मागे सरकून विचारलं, "तू कोण? तुला काय हवंय?"

"पोळी हवी होती, ती मिळाली. आता तू माग. एकच इच्छा."

"फुकट?"

"नाही गं. नियम आहेत. जे गेले त्यांना परत मागायचं नाही. जे मिळेल ते दार उघडं ठेवून, सगळ्यांसमोर वापरायचं. आणि पहिला घास दुसऱ्याला द्यायचा."

"नियम कशाला?"

"बिननियमाचं मी काही दिलं असतं, तर तू घेतलं असतंस?"

अम्पारोने विचार केला. "नसतं घेतलं," ती म्हणाली.

पहिला नियम तिने मनात पुन्हा एकदा ऐकला. बारा माणसांचं गरमागरम जेवण मागावं का? पण आयतं जेवण बघून गल्ली म्हणेल, चोरलं. कुणी घास गिळणार नाही.

"आई तमाले करायची, तसे मला करता येऊ देत," ती म्हणाली.

परीने तिच्या दोन्ही तळव्यांना पंख टेकवले. जराशी गुदगुली झाली. बस्स.

"एवढंच?" अम्पारोने हात उलटेपालटे करून पाहिले. "फसवलंस तर नाही ना?"

परी नुसतीच हसली आणि पानात शिरली.

दोन तारखेला अम्पारोने दार सताड उघडलं. उंबऱ्यापाशी दोन्या ओर्तेन्सिया गल्लीतल्यांना घेऊन उभ्याच होत्या. "आम्ही फक्त बघायला आलोय," त्या म्हणाल्या. "आणि तुझं पीठ कसलं असेल कुणास ठाऊक. हे माझं घे."

नाबोरकाकांनी चरबीचा डबा पुढे केला. "बाजारातल्या चरबीवर माझा भरवसा नाही."

"तुझ्या दुकानातलीच असते ती," कुणीतरी म्हणालं.

प्रत्येकाला वाटत होतं, आपण आणलं नाही तर खायला काय मिळेल कोण जाणे. कुणी कोळंबी आणली, कुणी लाल मिरच्या. अम्पारोने चरबी आणि पीठ फेटायला घेतलं, आणि तिचे हात आपोआप चालू लागले. तिने पिठाची बारीकशी गोळी पाण्याच्या पेल्यात टाकली. गोळी बुडाली. तिने आणखी फेटलं. या वेळी गोळी टुणकन वर आली आणि तरंगू लागली.

"ही तर हिच्या आईची रीत," दोन्या हळूच म्हणाल्या.

"नुसत्या बघू नका, दोन्या. पानं विस्तवावर शेका. आणि काका, तुम्ही दोऱ्या कापा."

सगळे निमूट कामाला लागले. बाहेर रंगीत कागदी पताका फडफडत होत्या. मोठ्या पातेल्यातून ढगासारखी पांढरी वाफ निघाली आणि मिरची-कोळंबीचा वास थेट समुद्रापर्यंत गेला.

पहिली पुडी अम्पारोने दाराशी बसलेल्या पापांना दिली. मग सगळ्यांना.

"अळणी!" नाबोरकाका ओरडले. "मला वाटलंच होतं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. अम्पारोचा चेहरा उतरला. म्हणजे परीने फसवलंच! तिने मिठाच्या वाडग्याकडे हात नेला.

"थांब," पापा म्हणाले. "मीठ घालू नकोस."

त्यांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. "ती कमीच घालायची," ते म्हणाले. "दर वेळी मी भांडायचो तिच्याशी."

दोन्या ओर्तेन्सियांनी पदार्थ पुन्हा चाखला, मान हलवली आणि दुसरी पुडी मागितली.

वाफेत काहीतरी लुकलुकलं. परी पातेल्याच्या काठावर बसली होती. ती फक्त अम्पारोला दिसत होती.

"अजून शंका आहे?" तिने विचारलं.

"एकच. आईला हे कळलं असेल का?"

"ते मला माहीत नाही," परी म्हणाली. "माहीत नसलेलं मी सांगत नाही."

अम्पारोने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा परीवर पूर्ण विश्वास बसला.

मग वाफ सोन्यासारखी उजळली. सारं घर मधाच्या रंगाने भरून गेलं, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली. उजेड ओसरला, तेव्हा पापांच्या पुढ्यातलं पान रिकामं होतं, आणि ते अम्पारोकडे बघून विचारत होते, "आणखी आहे?"