ठकूबाईनं देऊन टाकलेला शब्द

ऐका अक्षरमाई, तुमची कहाणी. बायांनो, अक्षता हातात घ्या. कुणी विणकाम आणलं असेल तर ते मांडीवर असू द्या, पण कान इकडं द्या.

घाटमाथ्यावर एक आटपाट नगर होतं. तिथं थंडी फार, वारा त्याहून फार. घरोघर मेंढ्या, घरोघर लोकर. त्या नगरात ठकूबाई नावाची एक बाई राहत होती. नवरा देवाघरी गेलेला, एकुलता एक लेक लोकर विकायला परमुलखात गेलेला. घरी ती आणि तिची सून गिरजा. गिरजा सासूला आत्याबाई म्हणे.

ठकूबाईला पोथी वाचता येई आणि सुयांवर विणता येई. नगरात वाचणारी बाई ती एकटीच. दुपार झाली की तिच्या ओसरीवर बाया जमत. ती पोथी पुढ्यात उघडी ठेवी, तोंडानं वाची आणि हातानं विणी. सुईकडं न बघता सुलट टाके घाली, उलट टाके घाली. बाया म्हणत, "ठकूबाई, तुमच्यासारख्या तुम्हीच." ठकूबाईलाही तसंच वाटे.

सगळं नगर ठकूबाईचं ऐकायचं. ठकूबाई मात्र कुणाचं ऐकत नसे. तिला वेळ कुठं होता?

एके वर्षी काय झालं? थंडीच्या दिवसांत गिरजेला मूल झालं. मुलगा झाला. बारशाआधीच गेला. घरात रडारड झाली, मग शेजारणी आपापल्या घरी गेल्या. ठकूबाई म्हणाली, "झालं ते झालं. आता तो विषय काढायचा नाही. काढला की दुःख वाढतं." सुनेनं मान हलवली. मग विषय कुणी काढला नाही.

मग चैत्र आला, पाडवा आला. त्या नगरात पाडव्याचा एक वसा होता. सकाळी न्हावं, गुढी उभारावी, कडुनिंबाचं पान गुळाबरोबर खावं. मग पोथीपुढं बसावं, डोळे मिटावे, पोथी उघडावी आणि बोट ठेवावं. बोटाखाली येईल तो आपला वर्षाचा शब्द. तो बदलू नये, लपवू नये, दुसऱ्याला देऊ नये. रोज एक पान वाचावं, वाचता येत नसेल तर ऐकावं. रोज एक ओळ विणावी. पान वाचताना शब्द आठवावा, ओळ विणताना शब्द आठवावा. असं केलं की अक्षरमाई प्रसन्न होते, घर सुखाचं होतं.

सकाळपासून बाया ठकूबाईकडं आल्या. शेजारणीला शब्द आला "धीर". कुंभारणीला आला "पाणी". पाटलिणीला आला "पुरे". पाटलीण जरा खट्टू झाली, पण पदराला गाठ मारून शब्द घेऊन गेली. मग ठकूबाई स्वतः बसली. तिला वाटलं, आपल्याला "यश" येईल, "कीर्ती" येईल, गेला बाजार "लक्ष्मी" तरी येईलच. तिनं डोळे मिटले, पोथी उघडली, बोट ठेवलं. डोळे उघडून बघते तो बोटाखाली शब्द काय? "ऐक".

ठकूबाईनं नाक मुरडलं. म्हणाली, "हा काही माझा नव्हे. मी वाचणारी. ऐकायचं काम दुसऱ्यांचं. सुनेला वाचता येत नाही, म्हणून तिच्या वाटचं बोट माझ्या हातून पडलं." मग तिनं सुनेला हाक मारली. "गिरजे, हा घे तुझा शब्द. ऐक. वर्षभर माझं ऐक." सून म्हणाली, "बरं, आत्याबाई." मग ठकूबाईनं बोट पुढं सरकवलं. दोन ओळी सोडून "वैभव" होतं, ते स्वतःला घेतलं. बायांनो, पोथीपुढं बसूनसुद्धा माणूस असं करतं. अक्षरमाईनं ते पाहिलं. ती काही बोलली नाही. तिला घाई नसते.

मग एके दिवशी काय झालं? ठकूबाई वाचत बसली होती. सून दाराशी आली. म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू?" ठकूबाई म्हणाली, "थांब, पान संपू दे." पान संपलं, अध्याय संपला. सून उभी राहिली, राहिली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी ठकूबाई वाचायला बसली. अक्षरं दिसत होती, तोंडातून निघत होती, पण त्यांना चवच नव्हती. ऐकणाऱ्या बाया जांभया देऊ लागल्या.

मग आणखी एके दिवशी काय झालं? ठकूबाई विणत बसली होती. सून जवळ आली. म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू?" ठकूबाई म्हणाली, "थांब, ओळ संपू दे." ओळ संपली, दुसरी सुरू झाली. सून उभी राहिली, राहिली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी ठकूबाईच्या सुईवरून टाके घरंगळू लागले. धरावा तो निसटे. विणलेल्यात भोकं पडली.

मग तिसऱ्या वेळी काय झालं? ठकूबाई सुटलेले टाके शोधत बसली होती. सून ओल्या हातांनी आली, पुढ्यात बसली. म्हणाली, "आत्याबाई, आज तरी एक विचारू?" ठकूबाई म्हणाली, "थांब, टाके मोजतेय. मधे बोललीस की चुकतं." सून उठली आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून सुनेची वाचाच गेली. "बरं" सुद्धा म्हणेना.

पहिले काही दिवस ठकूबाईला बरंच वाटलं. म्हणाली, "सून कशी शहाणी झाली." मग घर तिला खायला उठलं. सून दळी, पाणी भरी, भाकरी थापी. स्वतः मात्र अर्धी भाकरीही खाईना. पाणवठ्यावरच्या बाया विचारू लागल्या, "ठकूबाई, सून का वाळली?" ठकूबाई तिला रागावली. सून बोलली नाही. ठकूबाई गोडीगुलाबीनं बोलली. सून बोलली नाही. मीठमोहऱ्या उतरून दृष्ट काढली. सून बोलली नाही.

मग एके सकाळी सुनेनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं, सासूच्या पाया पडली आणि माहेरच्या वाटेला लागली. ठकूबाई दारात उभी राहिली. तिच्या मनात आलं, आज गेली तर ही पोर परत यायची नाही, आणि लेक आला की त्याला काय सांगायचं? त्याहून मोठं म्हणजे, ही गेली तर आपण या घरात कुणासाठी भाकरी करायची? ठकूबाईनं पोथी घेतली, विणकाम घेतलं, कारण त्यांच्याशिवाय ती कुठं जातच नसे. मग ती सुनेमागं धावली.

वाटेत एक म्हातारी भेटली. भर उन्हात कुडकुडत बसली होती. म्हातारी म्हणाली, "बाई बाई, कुठं धावतेस?"

"सून निघून चाललीय."

"का चाललीय?"

"मला काय ठाऊक?"

"विचारलंस का?"

"विचारलं की. ओरडून विचारलं."

म्हातारी हसली. म्हणाली, "यंदाचा शब्द कोणता तुझा?"

"वैभव."

"आधी कोणता आला होता?"

ठकूबाईनं हातातल्या पोथीकडं बघितलं. मग म्हणाली, "आला होता 'ऐक'. तो मी सुनेला दिला."

"अगं, वैद्यानं मात्रा तुला दिली आणि चाटवलीस सुनेला? मग गुण कसा यावा?"

ठकूबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. तिनं म्हातारीचे पाय धरले. म्हणाली, "आजी, मला माझा वसा परत सांग."

"वसा सांगितला तर मिरवशील, चार दिवसांत विसरशील."

"मिरवणार नाही, विसरणार नाही."

मग म्हातारी म्हणाली, "सून दिसेल तिथं तिच्याशेजारी बस. पोथी मिटून ठेव, सुया बाजूला ठेव. ती बोलेपर्यंत बोलू नकोस. बोलू लागली की मधे तोंड घालू नकोस. आणि तिचं संपलं की लगेच तुझं सुरू करू नकोस." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली. ठकूबाईनं ओळखलं, ही तर अक्षरमाई.

नदीकाठी उंबर होता. त्याच्याखाली सून होडीची वाट बघत बसली होती. ठकूबाई शेजारी बसली. पोथी मिटली, फडक्यात बांधली. सुया लोकरीत खोचल्या, मागं ठेवल्या. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना.

मग ठकूबाईच्या मनात आलं, म्हणावं, "ऊठ, घरी चल." ती बोलली नाही. मग मनात आलं, म्हणावं, "लोक काय म्हणतील?" ती बोलली नाही. मग मनात आलं, म्हणावं, "मी तुला काय कमी केलं होतं?" हे तर अगदी ओठांवर आलं. तिनं पदर तोंडात धरला आणि बोलली नाही.

होडी आली. नावाडी म्हणाला, "येता का बाई?" सासू बोलली नाही. सून बोलली नाही. पण सून उठलीही नाही. नावाड्यानं वाट बघितली आणि होडी गेली.

मग सुनेनं तोंड उघडलं. म्हणाली, "आत्याबाई, बाळाचं टोपडं कुठं आहे?"

बाळ यायच्या आधी ठकूबाईनंच ते टोपडं विणलं होतं, मऊ लोकर निवडून. बाळ गेलं, तशी तिनं ते उसवलं. सुनेच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून उसवलं. लोकर वाया कशाला घालवायची, म्हणून लेकाच्या कानटोपीत विणून टाकली. त्या नगरात लोकर कुणी टाकत नसे. टोपडं उसवताना तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

ठकूबाई खरं ते बोलली. "उसवलं गं. त्याची लोकर तुझ्या नवऱ्याच्या कानटोपीत गेली."

सून म्हणाली, "मी पेटी शोधली, फडताळ शोधलं, उतरंड शोधली. त्याला तेच घातलं होतं. त्याला दुसरं काहीच नव्हतं हो." मग तिला रडू फुटलं. रडता रडता ती बोलू लागली. बाळाचं जावळ किती दाट होतं ते सांगितलं. दूध पिताना मूठ कशी आवळून धरायचा ते सांगितलं. उजेड आला की एकच डोळा उघडायचा, ते सांगताना हसली आणि पुन्हा रडली. ठकूबाईनं मधे तोंड घातलं नाही. तिच्याही डोळ्यांतून धार लागली, ती तिनं पुसली नाही. उन्हं कलली, उंबराची सावली पाण्यापर्यंत गेली, तरी दोघी बसून राहिल्या.

सुनेचं बोलणं संपलं. ठकूबाईनं लगेच आपलं सुरू केलं नाही. मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "चुकलं गं माझं. तुझ्या बाळाचं टोपडं मी उसवायला नको होतं. तुला विचारायला हवं होतं." आणि मग म्हणाली, "पोरी, नाव योजलं होतंस का गं त्याला?"

सुनेनं मान हलवली. नाव योजलं होतं, पण बाळाचं बारसं झालंच नव्हतं. पाळण्याशी वाकून कुणी त्याच्या कानात नाव सांगितलंच नव्हतं. ठकूबाईनं पदर मागं सारला, मान कलती केली आणि आपला कान सुनेच्या तोंडाशी नेला. सुनेनं ओंजळ आडवी धरली आणि सासूच्या कानात नाव सांगितलं.

ठकूबाई म्हणाली, "ऐकलं गं बाई. ऐकलं."

मग सून म्हणाली, "आत्याबाई, भूक लागली." मग दोघी घरी आल्या. ठकूबाईनं भाकरी थापली, सुनेनं पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी पोथी उघडली, तर अक्षरांना चव आली. सुया हातात घेतल्या, तर टाके सुईवर राहिले. सून वाचायला शिकू लागली. अडली की ठकूबाई थांबे, पुढचं अक्षर आपण सांगत नसे. हे तिला फार जड जाई. लेक परमुलखातून आला, तेव्हा दोघींनी त्याला बाळाचं नाव सांगितलं, आणि तिघं मिळून रडली.

नाव काय होतं, असं तुमच्या मनात आलंच असेल. ते या कहाणीत नाही. जिच्या कानात सांगितलं, तिच्याजवळ ते आहे.

गिरजेला जशी ऐकणारी भेटली, तशी तुम्हा-आम्हांला भेटो, आणि कुणाची तरी ऐकणारी होण्याची बुद्धी अक्षरमाई तुम्हा-आम्हांला देवो. ही साठा शब्दांची कहाणी पाचा शब्दांत सुफळ, संपूर्ण झाली. अक्षता वाहा, बायांनो. आणि घरी कुणी "एक विचारू?" म्हणून दाराशी उभं असेल, तर आधी त्याच्याकडं जा.