कोल्ह्याचा निळा रुमाल

हातात मावणाऱ्या गेमचा पडदा काडेपेटीएवढा असायचा, तेव्हाची ही गोष्ट. त्यातल्या कोल्ह्याच्या चित्रात रंगांना चारच जागा होत्या. काळा, नारिंगी आणि पांढरा दिवसभर राबायचे. चौथ्या जागेवर पारदर्शक बसायचा, पण तो कोणाला दिसायचाच नाही.

एकदा निळा हटून बसला. "कोल्ह्याला रुमाल हवाच! मला जागा द्या."

"अरे बाबा, किती वेळा सांगू, जागा नाही!" काळा वैतागला. "इथे कडा काढता काढता माझा जीव जातोय."

"मग या आयतोबाला उठवा ना. हा करतो तरी काय?"

कटकट मिटावी म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. पारदर्शक निमूटपणे निघून गेला.

खेळ सुरू झाला. कोल्ह्याभोवतीच्या ज्या मोकळ्या जागेतून जंगल दिसायचं, ती पारदर्शकाची होती; तिथे आता निळाच पसरला. कोल्हा एका निळ्या चौकोनात कोंडल्यासारखा चालू लागला. झाडं झाकली, वाट झाकली आणि रुमाल तर त्या निळ्यात निळ्यालाच सापडेना.

"अरे, त्या पारदर्शकाला शोधून आणा कोणीतरी!" काळा ओरडला.

"आणतो की," नारिंगी चिडून म्हणाला, "पण तो दिसतो कसा, ते आधी सांग."