खिडकीपाशी बसायचा मान

त्या राज्यात धरणाचं दार उघडायचं की नाही, हे आठ साळुंक्या ठरवीत. त्या एका बंद घरात बसत. प्रत्येकीच्या ध्यानात एकच शब्द असे, ‘हो’ किंवा ‘नको’. घंटा झाली की शेजारणींचं ऐकायचं, त्यात आपला जुना शब्द मिसळायचा आणि नवा धरायचा. अशा पुष्कळ घंटा झाल्या की बाहेर एक उत्तर येई. आता ते चुकलंच, तर कोणत्या घंटेला कोण चुकली, हे बाहेरून कळायची सोय नव्हती.

नदीच्या वाळूत टिटवीची अंडी दोनदा वाहून गेली. दोन्ही वेळा धरण अर्धं रिकामं होतं, तरी दार उघडलं होतं. तिसऱ्यांदा अंडी घातल्यावर ती मोरमहाराजांपुढे जाऊन उभी राहिली. महाराजांनी तपासाला सुतारपक्षी नेमला. वरून टकटक करून आतली कीड ओळखण्यात त्याची हयात गेली होती.

त्यानं घर मोडलं नाही. भिंतीला एक खिडकी पाडली आणि दुसरी एक घंटा टांगली. ही वाजली की विचार बंद. सगळ्यांनी ओळीनं बसून आपला शब्द जसाच्या तसा पुढचीच्या कानात द्यायचा, म्हणजे खिडकीतून आठही शब्द एकामागून एक बाहेर येतील. या ओळीला तो साखळी म्हणे.

साखळी लावताना मानाचा प्रश्न निघाला. खिडकीपाशी थोरली साळुंकीच बसणार, यावर चर्चासुद्धा झाली नाही. साऱ्यांना हो म्हणत म्हणतच ती थोरली झाली होती.

सुतारपक्ष्यानं प्रत्येकीला ‘नको’ पढवलं आणि घंटा वाजवली. खिडकीतून आठ वेळा ‘हो’ आलं.

“म्हणजे आठही बिघडल्या की रे,” महाराज म्हणाले.

“मागच्या सातजणींचे शब्दही एकाच तोंडातून आले, महाराज. त्या तोंडालाच विचारून बघा, बिघडलंय का म्हणून.”

महाराजांनी अदबीनं विचारलं, “थोरल्या बाई, आपण बिघडलात का?”

“हो.”

दरबार गहिवरला. एवढ्या मानाची बाई, आणि केवढा तो विनय.

“अहो, खरं तेच सांगतायत त्या,” टिटवी म्हणाली. तिला गप्प बसवण्यात आलं.

“मग मागच्या साती बिघडल्यात?” महाराजांनी थोरलीला विचारलं.

“हो.”

साती त्याच दिवशी हाकलल्या गेल्या. काम झालं म्हणून खिडकी लिंपली.

दुसऱ्या सकाळी थोरलीच्या मागे नव्या सातजणी येऊन बसल्या. खाली वाळूत टिटवी अंड्यांभोवती आणखी एक खडा लावत होती. तेवढ्यात वर धरणाच्या दाराची साखळी करकरली.